किल्ला शोधू नका, पाणी शोधा: वेस्प, मुइडन आणि नार्डनची एका दिवसाची सायकलवारी

आमचे बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. डच म्हटलं की त्यांना आठवते ती तिथली पडकी डच वखार. लहानपणी तिच्या आवारात लपाछपी खेळलेत. मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, अम्स्टरडॅमजवळच्या अम्स्टेलवेनला आले तेव्हा त्यांची एकच फर्माईश होती, "त्या लोकांचे इथले किल्ले दाखव." मी हौसेने नार्डनला घेऊन गेले. बसमधून उतरलो तर समोर गवताचे बुटके उंचवटे, चार मेंढ्या आणि पाण्यात बदकं. बाबांनी चारी दिशांना मान फिरवली आणि विचारलं, "किल्लो खंय आसा?"

आम्ही किल्ल्यातच उभे होतो.

चूक माझी होती. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाची नजर आपोआप वर जाते. इथे ती खाली, पाण्याकडे न्यावी लागते. हे आधी समजलं नाही तर अम्स्टरडॅमच्या पूर्वेचा हा सगळा दलदली पट्टा म्हणजे गाई, कालवे आणि मधूनच एखादी जुनी इमारत एवढंच दिसतं. त्यामुळे रस्ते आणि तिकिटं नंतर सांगते, आधी पाण्याचं.

गुडघाभर पाण्याची युक्ती

हा प्रदेश सपाट आणि सखल आहे. डोंगर नाही, काळा पाषाण नाही. बचावाला हाताशी होतं ते पाणी. शत्रू आला की बांधांची दारं उघडायची आणि शेतं मुद्दाम बुडवायची. पण किती? इथेच खरी अक्कल आहे. पाणी साधारण अर्धा मीटर ठेवायचं. एवढ्या पाण्यात तोफा ओढणाऱ्या फौजेला चालता येत नाही आणि मोठी होडीही घालता येत नाही. शिवाय इथल्या प्रत्येक शेताला कडेने खोल चर असतात. पाणी भरलं की ते दिसेनासे होतात. गुडघाभर पाण्यातून निघालेला शिपाई चार पावलांवर गळ्यापर्यंत जातो.

१६७२ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईची फौज याच पाण्याने अडवली. त्या हिवाळ्यात पाणी गोठलं, तेव्हा फ्रेंच बर्फावरून आत घुसले आणि बर्फ वितळू लागताच त्यांना मागे फिरावं लागलं. पाण्याच्या तटाची हीच कमजोरी, थंडीत त्याचा रस्ता होतो. पुढे १८१५ पासून हीच कल्पना नव्याने, पक्क्या बांधकामासह उभी केली. मुइडनपासून दक्षिणेला बीसबॉसच्या दलदलीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची ही जलरेषा. अम्स्टरडॅमभोवती वेगळं १३५ किलोमीटरचं कडं आहे. त्या कड्याला १९९६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि २०२१ मध्ये जलरेषाही त्याच नोंदीत आली.

मग किल्ले कशाला? तर जिथे पाणी पोचत नाही तिथे पहारा द्यायला. नदी, बांध, उंचावरचा रस्ता, रेल्वेचा भराव या त्या तटातल्या फटी. प्रत्येक फटीवर एक किल्ला. म्हणून इथला कुठलाही किल्ला पाहताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा कोणती फट बुजवतोय? उत्तर सापडलं की समोरचं गवत बोलायला लागतं.

निघण्यापूर्वी

एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ धरा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारला दिवे लागतात. हिवाळ्यात काही किल्ले वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. थट्टा नाही, जाड भिंतींच्या दमट खोल्या त्यांना फार मानवतात. संग्रहालयांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या रात्री त्यांची वेबसाइट बघाच.

पावसासाठी बाउएनराडार हे अ‍ॅप घ्या. पुढच्या दोन तासांत ढग कुठे सरकणार ते नकाशावर दिसतं. पाऊस मात्र इथे दुय्यम. खरा शत्रू वारा. बहुतेक वेळा तो पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून मी मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे आखलाय. पहिल्या वेळी मी उलटी, नार्डनहून मुइडनला गेले होते. नऊ किलोमीटरला दीड तास लागला आणि किल्ल्यात पोचले तेव्हा तिकीटखिडकी बंद होत होती. छत्री आणू नका, ती पहिल्या बांधावरच उलटी होते. टोपीचा रेनकोट हवा.

ट्रेन-बससाठी वेगळं कार्ड लागत नाही. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चढताना यंत्राला लावायचं आणि उतरताना पुन्हा लावायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. भारतातलं कार्ड वापरत असाल तर त्यावरचा परकीय चलनाचा आकार आधी पाहून घ्या. आणखी एक: छोट्या कॅफेंमध्ये नोटा नाकारतात आणि काही ठिकाणी क्रेडिट कार्डही चालत नाही, डेबिट कार्ड जवळ असू द्या. नेदरलँड्समध्येच राहत असाल तर वर्षाचं संग्रहालय कार्ड काही भेटींतच वसूल होतं.

सायकलचं थोडं सविस्तर. स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या सायकली स्वस्त आहेत, पण त्या इथल्या रहिवाशांच्या नावावरच्या कार्डावर मिळतात. पाहुण्यांनी दुकानातून भाड्याने घ्यावी. घेताना ब्रेक कुठे आहे ते विचारा. इथल्या पुष्कळ सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं मारलं की सायकल थांबते. आपल्याला सवय असते उतारावर पाय सहज मागे फिरवत बसायची. मी पहिल्याच दिवशी तसं केलं आणि हँडलवरून थेट चिखलात गेले. दुकानासमोर पाच मिनिटं सराव करून मगच निघा. चालवताना मोबाइल हातात धरलात तर शंभर युरोंच्या वर दंड आहे. त्याची गरजही पडत नाही. सायकलमार्गांच्या चौकांना क्रमांक दिलेले असतात आणि हिरव्या अक्षरांच्या पाट्या तुम्हाला एका क्रमांकाकडून दुसऱ्याकडे नेतात. आदल्या दिवशी नकाशावरून क्रमांक उतरवून चिठ्ठी हँडलला चिकटवायची, बस.

पहिला टप्पा: वेस्प

अम्स्टरडॅमहून वेस्पला ट्रेनने वीसेक मिनिटं लागतात. सकाळी नऊपर्यंत पोचा. स्टेशनपासून जुन्या गावात चालत दहा मिनिटं. गावातून फेख्त नदी जाते आणि आजचा जवळपास सगळा दिवस तिच्याच सोबतीने आहे.

नदीत एक छोटं बेट आहे आणि त्यावर १८६१ सालचा गोल, बसका विटांचा मनोरा. हा ओसनमार्क्टचा किल्ला. पुलावर उभं राहून बघा. नदी ही पाण्याच्या तटातली फट, कारण होड्या तिच्यातून सरळ आत येऊ शकतात. मग नदीच्या मधोमधच तोफा ठेवल्या. वर सांगितलेला प्रश्न पहिल्यांदा विचारायला याहून सोपी जागा नाही.

बाकी वेस्पमध्ये तास-दीड तासाहून जास्त रेंगाळू नका. फक्त बेकरीतून बदामाची वेस्पर मॉप बिस्किटं घ्या. बाहेरून कडक, आत मऊ. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "नानकटाईला बदामाच्या वडीचं पोट."

दुसरा टप्पा: मुइडन

वेस्पहून नदीकाठाने मुइडन चार-पाच किलोमीटर. स्पेलिंगवरून मी मुइडन लिहितेय, पण बसचालकाला विचारताना 'मॉयडन'च्या जवळपास काहीतरी म्हणा, नाहीतर तो ढिम्म बघत राहील. वाटेत एक गंमत लागते. खाली दहा-बारा पदरी महामार्ग आणि त्याच्या डोक्यावरून आपली फेख्त नदी, शिडाच्या होड्यांसकट. २०१६ पासून महामार्गच नदीखालून नेलाय. थांबायला हरकत नाही, सगळेच थांबतात.

मुइडनला पोचल्यावर सगळे तडक किल्ल्याकडे धावतात. तुम्ही आधी गावाच्या मध्यावर, होड्यांसाठी दरवाजे असलेल्या मोठ्या बांधापाशी बसा. हा बांध १६७४ सालचा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला तेव्हाचा झाउडरझे हा समुद्र. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून हे दरवाजे, पण वेळ आली की तेच उघडून खारं पाणी शेतांवर सोडता येत असे. शेतकऱ्यांना हे किती रुचत असेल याचा अंदाज करा, खारी झालेली जमीन वर्षानुवर्षं पीक देत नाही. १६७२ च्या जूनमध्ये फ्रेंच घोडेस्वार याच गावाच्या वेशीपर्यंत आले होते. डचांचा सेनापती, नासाऊचा योहान मौरिट्स वेळेत पोचला म्हणून गाव वाचलं. मुइडन पडलं असतं तर इथल्या पाण्याची किल्ली त्यांच्या हातात गेली असती, आणि मग अम्स्टरडॅम फार लांब नव्हतं.

आज इथे उन्हाळ्यात रविवारी होड्यांची रांग लागते. दरवाजे बंद होतात, पाण्याची पातळी हळूहळू बदलते, दोरी धरलेला माणूस ती सैल सोडतो, पुढचं दार उघडतं. दहा मिनिटांचा खेळ आहे, एकदा पूर्ण बघा. तीनशे वर्षांची जलरेषा इथे चालू अवस्थेत दिसते.

आता मुइडरस्लॉट. हा मात्र लहान मुलाने चित्रात काढावा तसा किल्ला: चौकोनी, चार कोपऱ्यांना गोल मनोरे, भोवती खंदक, त्यावर पूल. पहिल्यांदा पाहणारा चकित होतो तो त्याच्या आकाराने. एकेक बाजू पस्तीस मीटरच्या आसपास, आपल्याकडच्या चांगल्या वाड्याएवढीच. आणि सगळा विटांचा, कारण दगड इथे मिळतच नाही. हॉलंडचा काउंट, म्हणजे तिथला राज्यकर्ता, पाचवा फ्लोरिस याने १२८५ च्या सुमारास नदीच्या मुखावर तो बांधला. १२९६ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला पकडून त्याच्याच किल्ल्यात डांबलं. त्याला दुसरीकडे हलवत असताना गावकरी सोडवायला आले, तेव्हा पकडणाऱ्यांनी त्याला जागीच भोसकलं. लोक त्याला प्रेमाने आणि सरदार कुचेष्टेने 'शेतकऱ्यांचा देव' म्हणत. तो पहिला किल्ला लवकरच पाडला गेला. आज दिसतो तो त्याच पायावर १३७० नंतर उभारलेला.

आत दोन गोष्टींना वेळ द्या. एक, पी. सी. हूफ्टच्या काळातल्या पद्धतीने सजवलेल्या खोल्या. हा कवी आणि इतिहासकार १६०९ पासून १६४७ मध्ये मरेपर्यंत इथला अधिकारी होता आणि उन्हाळ्यात लेखक-गायक मित्रांना इथे बोलवत असे. दोन, मनोऱ्यावरून उत्तरेकडचं पाणी. १९३२ मध्ये मोठा बंधारा घालून समुद्र तोडला, तेव्हापासून हे गोडं तळं झालंय. जिने अरुंद आणि गोल आहेत. बाबा एकच मनोरा चढले आणि वर जाऊन म्हणाले, "आता चढल्यासारका वाटला." बाहेर भाज्यांची आणि औषधी झाडांची बाग आहे, आई तिथेच रमली. एकूण दोन तास धरा.

इथे फाटा फुटतो: पाम्पुस की नार्डन

मुइडनहून पाम्पुस बेटाला बोट जाते, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. ते अख्खं बेटच माणसाने बनवलेलं. हजारो लाकडी खांब चिखलात ठोकून १८८७ ते १८९५ मध्ये त्यावर किल्ला उभारला, अम्स्टरडॅमचा समुद्राकडचा दरवाजा राखायला. त्याच्या प्रचंड तोफा युद्धात एकदाही उडाल्या नाहीत. खाली काळोखे बोगदे, वर गवत आणि चहूकडे पाणी. सिंधुदुर्ग पाहिलेल्याला जलदुर्ग म्हणून हा ठेंगणा वाटेल, पण पोरांना फार आवडतो. इथल्या उथळ पाण्यात भरतीची वाट पाहत जहाजं पडून राहत, म्हणून आजही गळून आडव्या झालेल्या माणसाला डच लोक 'पाम्पुससमोर पडलाय' म्हणतात.

माझं स्पष्ट मत: एका दिवसात मुइडरस्लॉट, पाम्पुस आणि नार्डन तिन्ही करू नका. मुलं बरोबर असतील तर पाम्पुस घ्या आणि तिथून परत फिरा. नाहीतर नार्डन. पाम्पुसला जाणार असाल तर बोटीची वेळ आधी नक्की करा आणि किल्ला तिच्याभोवती बसवा. शेवटची बोट कोणासाठी थांबत नाही.

तिसरा टप्पा: मुइडरबर्गमार्गे नार्डन

मुइडन ते नार्डन नऊ-दहा किलोमीटर, मध्ये मुइडरबर्ग गाव. फ्लोरिसला मारलं ते याच भागात. डबा खायला पाण्याकाठी जागा आहे. घरून डबा न्याच. कॅफेत शाकाहारी म्हणून पॅनकेक, बटाट्याचे फ्राइज आणि चीजचं तळलेलं सुफ्ले मिळतं, पण भाजीच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. पाण्याची बाटली कुठल्याही नळावर भरा. स्वच्छतागृहासाठी सुटे पैसे खिशात ठेवा.

आता नार्डन, आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. नार्डन हा भुईकोट आहे. घरातून निघण्यापूर्वी मोबाइलवर त्याचं उपग्रहाचं चित्र काढून ठेवा. सहा टोकांचा तारा आणि त्याभोवती पाण्याचे दोन पदर दिसतील. जमिनीवरून तो तारा कधीच दिसत नाही, म्हणून चित्र हातात धरूनच फिरायचं.

आपले बुरुज गोल असतात. गोल बुरुजाच्या नाकाखाली एक आंधळी जागा राहते, तिथे पोचलेल्या शत्रूला शेजारच्या बुरुजावरून मारता येत नाही. इथले बुरुज बाणाच्या टोकासारखे आहेत, त्यामुळे प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्याला दिसते. कुठल्याही टोकावर उभे राहा आणि शेजारच्याकडे बघा, नजर भिंतीला समांतर सरकत जाते. तोफेचा गोळाही तसाच जाणार. आणि तट मातीचे का? दगडाच्या तटावर गोळा आदळला की कपच्या उडतात आणि भगदाड पडतं, मातीत गोळा रुतून बसतो. मेंढ्या चरताहेत तोच तट.

हे सगळं बांधलं ते दोनदा हात पोळल्यावर. १ डिसेंबर १५७२ रोजी स्पॅनिश फौजेने गावकऱ्यांना एका इमारतीत जमवून त्यांची कत्तल केली आणि गाव जाळलं. त्या जागेवरच्या घराला आजही स्पॅनिश घर म्हणतात आणि दर्शनी भिंतीवरच्या दगडी शिल्पांत तो प्रसंग आहे. न थांबता पुढे जाणारेच जास्त. मग १६७२ मध्ये फ्रेंचांनी नार्डन घेतलं आणि १६७३ च्या सप्टेंबरात डचांचा नेता तिसरा विल्यम याने ते परत मिळवलं. आजची तटबंदी त्यानंतरची.

क्रम असा ठेवा. आधी टुर्फपोर्ट बुरुजातलं किल्ल्याचं संग्रहालय, तिथले तोफांचे कोठे आणि जमिनीखालच्या वाटा, तास-दीड तास. मग बाहेरच्या तटावरून चालत फेरी, रमत गमत तासभर. पाय थकले असतील तर खंदकातून बोटही फिरवतात. पाण्यातून वर बघितलं की हे गवत शत्रूला कसं दिसत असेल ते कळतं, म्हणून बाबांना दुसऱ्या खेपेला मी तिथूनच सुरुवात करून दिली. मोठं चर्च उघडं असेल तर मान वर करून लाकडी छतावरची सोळाव्या शतकातली चित्रं पाहा. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याची समाधीही गावात आहे, शिक्षक असाल तर चुकवू नका.

गवतातून फिरल्यावर एक काम विसरायचं नाही. या देशात गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. तटावर फुल पँट घाला, मोज्यात खोचा आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी नीट तपासा. चिकटलेली गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटायची. तेल, तूप, काडी काही लावायचं नाही. पुढच्या आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जा.

दम उरला असेल तर: नार्डरमेर

नार्डनपासून दोनेक किलोमीटरवर स्टाटझिख्ट हे नार्डरमेरचं स्वागत केंद्र आहे. ऋतूत तिथून नौका जातात, जागा आधी राखून ठेवा. जांभळा बगळा, पाणकावळे, चमच्या, सगळे इथे. या तळ्याचाही किल्ल्यांशी संबंध आहे: सतराव्या शतकात ते उपसून शेती काढली होती आणि १६२९ मध्ये स्पॅनिश फौज जवळ आल्यावर पुन्हा बुडवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अम्स्टरडॅमला तिथे शहराचा कचरा टाकायचा होता. त्याविरुद्ध उठलेल्या लोकांतून निसर्गरक्षणाची संस्था निघाली आणि १९०६ मध्ये तिने हे तळं विकत घेतलं. ते या देशातलं तसं पहिलं.

आई-बाबा बरोबर असतील तर

सायकल सोडा. सकाळी अम्स्टरडॅमहून बसने मुइडन, दुपारी नार्डन आणि मध्ये टॅक्सी. मुइडनला रेल्वे स्टेशन नाही हे लक्षात असू द्या. वेस्प गाळा. नार्डनमध्ये तटफेरीऐवजी बोट. बसायला बाकं भरपूर आहेत, वाऱ्यासाठी मात्र मे महिन्यातही कानटोपी लागते.

परतीला नार्डन-बुसम स्टेशन किल्ल्यापासून दोन किलोमीटर. दुकानाची सायकल वेस्पला परत द्यायची असेल तर ती ट्रेनमध्ये घालता येते, पण वेगळं तिकीट काढून आणि गर्दीच्या वेळा टाळून. कामाच्या दिवशी चार ते साडेसहा ती चढवू देत नाहीत, तेव्हा तोवर गावात कॉफी प्या.

ट्रेनमध्ये खिडकी पकडा आणि मोबाइल खिशात ठेवा. नार्डन-बुसम सुटल्यावर काही मिनिटांत दोन्ही बाजूंना लव्हाळी आणि पाणी सुरू होतं. १८७४ साली रूळ सरळ नार्डरमेरमधून टाकलेत. भरावावरून गाडी जाते आणि खाली दोन्हीकडे तळं. बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "ह्या रुळावर पण फट असतली मा? हय किल्लो खंय आसा?"